यानाचा दुसरा डोळा

६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४चे अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्रावरचा एक चढ चढत होते. कोन नावाच्या विवराच्या काठावर पोचायचं, आत डोकावायचं आणि तिथले खडक उचलून आणायचे, हे त्या दिवसाचं मुख्य काम होतं. विवर सुमारे ३४० मीटर रुंद, म्हणजे नजरेतून सुटण्याजोगं मुळीच नव्हतं. दुचाकी हातगाडी ओढत, धापा टाकत ते दोघे चढत राहिले. प्रत्येक उंचवट्यापलीकडे काठ असेल असं वाटे आणि तिथे पोचल्यावर पुढे आणखी एक उंचवटा निघे. अखेर वेळ संपत आली आणि त्यांना परत फिरावं लागलं. अनेक वर्षांनी चंद्राभोवती फिरणाऱ्या एका यानाने त्या जागेची छायाचित्रं घेतली, त्यांत दोघांच्या पावलांची वाट स्पष्ट दिसली. विवराच्या काठापासून ते जेमतेम ३० मीटरवरून परतले होते.

दोघेही कसलेले वैमानिक होते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चंद्रावर हवा नसते. आपल्याकडे सह्याद्रीच्या एकामागे एक उभ्या असलेल्या रांगा निळसर, फिकट होत जातात आणि त्या फिकटपणावरून नजर नकळत अंतर ओळखते. चंद्रावर दूरचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच लख्ख दिसतो. झाड नाही, खांब नाही, माणूस नाही. आकार ताडून पाहायला ओळखीची एकही वस्तू नाही. दगड लहान आणि जवळचा आहे की मोठा आणि लांबचा, हे ठरवायला फक्त आपले दोन डोळे उरतात आणि त्यांच्यातलं अंतर असतं साधारण साडेसहा सेंटिमीटर. सुईत दोरा ओवायला ते पुरतं. शंभर मीटरवरच्या उंचवट्यासाठी त्याचा काही भरवसा नाही, कारण वस्तू दुप्पट लांब गेली की तिच्या अंतराच्या अंदाजातली चूक चौपट होते. भूमितीने घातलेली ही अडचण भूमितीनेच सुटते: दोन डोळे एकमेकांपासून लांब न्यायचे.

चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ साली आरशांच्या उपकरणाने दाखवून दिलं की डाव्या आणि उजव्या डोळ्याला दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या वेगळेपणातूनच मेंदू खोली घडवतो. यानावरच्या थ्रीडी कॅमेऱ्यामागचं तत्त्व तेवढंच आहे. तरीही यानावर थ्रीडी व्हिडिओ कॅमेरा न्यायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो थिएटरच्या दारात हाती पडणारा चष्मा. ‘छोटा चेतन’पासून ‘अवतार’पर्यंत थ्रीडी म्हणजे अंगावर येणारं दृश्य, अशी आपली ओळख झाली आहे. म्हणून पैसे देणाऱ्यांना हा कॅमेरा चैनीचा वाटतो आणि अनेक शास्त्रज्ञांना तो प्रसिद्धी खात्याचा हट्ट वाटतो. मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात, आणि चूक नेमकी कुठे आहे हे शोधल्याशिवाय पुढचा निर्णय नीट होणार नाही असंही वाटतं.

आधी विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करतो. जमीन मोजायची असेल, तर दोन डोळे एकाच वेळी उघडे असण्याची गरजच नाही. जमीन पळून जात नाही. एकच यान आधी एका ठिकाणाहून पाहील, पुढे सरकून दुसऱ्या ठिकाणाहून पाहील आणि त्या दोन दृश्यांतून डोंगराची उंची काढता येईल. भारताने या कामात खरोखर मोठी मजल मारली आहे. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या कार्टोसॅट-१वर दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे झुकलेला आणि दुसरा ५ अंश मागे. पुढच्या कॅमेऱ्याने पाहिलेली जागा मागच्याच्या नजरेत सुमारे ५२ सेकंदांनी येई. त्या ५२ सेकंदांत उपग्रह साडेतीनशे किलोमीटरहून अधिक पुढे गेलेला असे. दोन डोळ्यांतलं अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक! देशाचा उंचसखलपणा दाखवणारे जे अंकीय नकाशे पुढे तयार झाले, ते या दृश्यांतून. चांद्रयान-१वरचा भूरूप-कॅमेराही याच जातीचा होता. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने बनवलेला हा कॅमेरा १०० किलोमीटर उंचीवरून एकाच पट्ट्याकडे पुढे, सरळ खाली आणि मागे अशा तीन दिशांनी पाही आणि त्यातून चंद्राचे उतार मोजता येत. त्याच्याच चित्रांवरून शास्त्रज्ञांनी चंद्राच्या पृष्ठभागाखालची, लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली, एक न कोसळलेली पोकळ नळी ओळखली.

याहून बोलका दाखला बेन्नू या लघुग्रहाचा आहे. ओसायरिस-रेक्स हे यान २०१८च्या डिसेंबरमध्ये तिथे पोचलं, तेव्हा वाळूची मैदानं असतील ही अपेक्षा फोल ठरली आणि जिकडेतिकडे शिळाच दिसल्या. नमुना उचलायला सुरक्षित जागा शोधण्याच्या कामात क्वीन या बँडचे गिटारवादक आणि खगोलभौतिकीतले डॉक्टरेट ब्रायन मे यांनी क्लॉडिया मांझोनी यांच्यासह मदत केली. यानाच्या एकाच कॅमेऱ्याने वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या हजारो चित्रांतून जुळणाऱ्या जोड्या निवडून त्यांनी थ्रीडी दृश्यं तयार केली. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाने नमुना उचलला. या सगळ्यात थ्रीडी कॅमेरा असा वेगळा कुठेच नव्हता.

मग हट्ट कशासाठी, असा प्रश्न इथे रास्तच आहे. त्याचं उत्तर याच बेन्नूने दिलं. जानेवारी २०१९मध्ये यानाच्या दिशादर्शक कॅमेऱ्याच्या चित्रांत लघुग्रहाच्या कडेला ठिपके दिसले. बेन्नूवरून खडे उडत होते. कोणीही ही अपेक्षा केली नव्हती. पण ठिपका किती दूर आहे? तो यानाजवळचा बारीक कण आहे की लांबचा खडा? चालला आहे किती वेगाने? एका डोळ्याच्या एका चित्रातून यातलं काहीच कळत नाही. शास्त्रज्ञांनी अनेक चित्रांतून ठिपक्यांचा माग काढला, गुरुत्वाकर्षणाच्या नियमांत त्यांचे मार्ग बसवून पाहिले आणि चिकाटीने अंतरं काढली. हे जमलं, कारण मोकळ्या अवकाशातला खडा गुरुत्वाचं ऐकतो. इंजिनाच्या झोताने उडालेली धूळ इतकी आज्ञाधारक नसते. पेटलेली ज्योत, उसळणारा द्रव, सूर्यावरून फुटणारा वायूचा लोट हेही नसतात.

स्थिर वस्तूला एक फिरता डोळा पुरतो. हलणाऱ्या वस्तूसाठी मात्र दोन डोळे एकाच क्षणी उघडे हवेत आणि ते दर सेकंदाला अनेकदा उघडे हवेत. थ्रीडी व्हिडिओचं अवकाशातलं खरं स्थान इथे आहे. मनोरंजन हा त्याचा आनुषंगिक लाभ मानावा. ही सीमारेषा नीट न आखल्यामुळे मंगळावरच्या एका मोहिमेत काय झालं, ते जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे.

क्युरिऑसिटी या बग्गीच्या मानेवर दोन कॅमेरे बसवायचे ठरलं होतं. ते बनवणाऱ्या संस्थेचे प्रमुख मायकेल मॅलिन आणि त्यांच्या चमूत सह-संशोधक म्हणून असलेले दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांचा आग्रह होता की दोन्ही कॅमेऱ्यांना एकसारखं झूम भिंग असावं, म्हणजे जवळचं असो वा लांबचं, कोणतंही दृश्य दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसेल आणि थ्रीडी व्हिडिओ घेता येईल. २००७मध्ये नासाने खर्च कमी करताना झूम भिंगं वगळली. ‘अवतार’ प्रदर्शित झाल्यानंतर लगेच, २०१०च्या आरंभी, कॅमेरॉन नासाचे प्रशासक चार्ल्स बोल्डेन यांना भेटले. त्यानंतर काही महिन्यांत झूम भिंगांचं काम पुन्हा सुरू झालं. मार्च २०११मध्ये ते पुन्हा थांबलं, या वेळी वेळेअभावी. उड्डाण नोव्हेंबरमध्ये होतं आणि भिंगांच्या चाचण्या त्याआधी पुऱ्या होणं शक्य नव्हतं.

त्यामुळे ऑगस्ट २०१२मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटीचे दोन डोळे एकमेकांसारखे नव्हते. डावा ३४ मिलिमीटरचा, उजवा १०० मिलिमीटरचा. डाव्याला सुमारे १५ अंशांचा विस्तार दिसतो, उजव्याला सुमारे ५ अंशांचा. डाव्याच्या एका चित्राची जागा भरायला उजव्याची नऊएक चित्रं शेजारी-शेजारी जोडावी लागतात. दगडांची थ्रीडी दृश्यं अशी सांधून बनवता येतात आणि ती बनलीही. हलणाऱ्या गोष्टीची बनत नाहीत, कारण नववं चित्र घेईपर्यंत पहिल्यातलं दृश्य बदललेलं असतं. वाटचालीसाठी बग्गीवर वेगळे जोडकॅमेरे होते आणि ते उत्तम चालले. पण वाळूचा भोवरा किंवा घरंगळणारा खडा यांचा खोलीसह व्हिडिओ घेण्याची शक्यता त्या मोहिमेतून गेली. माझ्या मते या कॅमेऱ्याचं नाव चित्रपटसृष्टीशी जोडलं गेलं, त्यात त्याचं नुकसान झालं. तो काय मोजणार, ही चर्चा कॅमेरॉन यांच्या नावाच्या झगमगाटात मागे पडली.

पुढच्या बग्गीने ही उणीव भरून काढली. फेब्रुवारी २०२१मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सच्या मानेवर २६ ते ११० मिलिमीटरपर्यंत झूम होणारे जुळे कॅमेरे आहेत, एकमेकांपासून सुमारे २४ सेंटिमीटरवर. त्याच वर्षी २५ एप्रिलला इंजेन्युइटी या १.८ किलोच्या हेलिकॉप्टरने तिसरं उड्डाण केलं. ५ मीटर उंच चढून ५० मीटर लांब जाऊन ते परत आलं, आणि यातला बराचसा प्रवास बग्गीच्या दोन्ही डोळ्यांनी टिपला. लाल-निळ्या चष्म्यातून तो व्हिडिओ पाहताना यंत्र वर चढतंय, बाजूला जातंय आणि परत येतंय हे नजरेला थेट जाणवतं. परग्रहावर उडणारी वस्तू खोलीसह पाहण्याची ती माणसाची पहिलीच वेळ. हे दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि त्याच्या सौंदर्याबद्दल मला मुळीच संकोच वाटत नाही. जे डोळ्याला आनंद देतं तेच फूटपट्टी म्हणूनही वापरता येतं, तेव्हा दोन्हींतलं एक निवडायला सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

दोन डोळ्यांमधलं अंतर किती असावं, हे कामावर ठरतं. न्यू होरायझन्स यानाने एप्रिल २०२०मध्ये पृथ्वीपासून सुमारे ७०० कोटी किलोमीटरवरून प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याचं चित्र घेतलं आणि पृथ्वीवरून त्याच दिवसांत घेतलेल्या चित्राशेजारी ते ठेवलं, तर तारा चक्क सरकलेला दिसला. सूर्यासाठी नासाने २००६च्या ऑक्टोबरमध्ये स्टिरिओ नावाची दोन जुळी यानं सोडली, एक पृथ्वीच्या पुढे राहणारं आणि एक मागे. दरवर्षी प्रत्येक यान पृथ्वीपासून सुमारे २२ अंश सरकत गेलं. एप्रिल २००७मध्ये दोघांमध्ये थोडंसंच अंतर असताना सूर्याची पहिली थ्रीडी चित्रं प्रसिद्ध झाली आणि ती चष्मा लावून कुणालाही पाहता आली. पुढे यानं इतकी लांब गेली की माणसाच्या मेंदूला दोन दृश्यं एकत्र सांधणं अशक्य झालं. गणिताला मात्र काही अडचण नव्हती. समोरून पृथ्वीच्या दिशेने येणारा सौरवादळाचा लोट आपल्याला सूर्याभोवतीच्या फुगत जाणाऱ्या कड्यासारखा दिसतो आणि त्याचा आपल्याकडचा वेग कळत नाही. बाजूच्या डोळ्याला तो कळतो. १ ऑक्टोबर २०१४ रोजी मागच्या यानाशी संपर्क तुटला आणि जोडीतला एक डोळा गेला. आपलं आदित्य-एल१ आज सूर्य पाहत आहे, त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेत घडली. पण आदित्य पृथ्वी-सूर्य रेषेवरूनच पाहतं. युरोपीय अवकाश संस्थेचं व्हिजिल हे यान २०३१मध्ये सोडायची योजना आहे आणि ते बाजूने पाहणार आहे. हे दोन डोळे एकाच वेळी उघडे असतील का, त्यांची निरीक्षणं क्षणाला क्षण जुळवून घेतली जातील का, याचा विचार दोन्हीकडच्या लोकांनी आतापासून करायला हवा.

आता इंजिनाच्या झोताने उडणाऱ्या, चंद्रावरच्या धुळीकडे येतो.

१९६७च्या एप्रिलमध्ये सर्व्हेयर-३ हे यंत्रयान चंद्रावर उतरलं. १९६९च्या नोव्हेंबरमध्ये अपोलो-१२ त्याच्यापासून सुमारे १६० मीटरवर उतरलं आणि अंतराळवीरांनी सर्व्हेयरचे काही भाग कापून पृथ्वीवर आणले. तपासणीत दिसलं की अपोलोच्या इंजिनाने उडवलेल्या धुळीने त्या यंत्राचा पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने घासावा तसा घासला होता. हवा नसल्यामुळे चंद्रावर उडालेला कण कुठे अडत नाही. एका यानाच्या उतरण्याने दुसऱ्या यानाला इजा होऊ शकते, ही गोष्ट अर्धशतकाहून अधिक काळ माहीत आहे. आता एकाच परिसरात अनेक देशांची यानं, वसाहतींचे भाग आणि सौरपट्ट्या ठेवण्याचे बेत चालू आहेत. धूळ किती उडते, कोणत्या कोनात आणि किती वेगाने, याचे आकडे मिळाल्याशिवाय दोन यानांत किती अंतर राखायचं हे कसं ठरवणार?

चांद्रयान-३ने यातला एक आकडा दिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचा विक्रम हा लँडर उतरला, तेव्हा सुमारे २.०६ टन धूळ उडाली आणि १०८.४ चौरस मीटर भागावर पसरली, असा अंदाज इस्रोच्या शास्त्रज्ञांनी काढला. उड्डाणावेळी विक्रमचंच वजन सुमारे पावणेदोन टन होतं. म्हणजे यानाने स्वतःपेक्षा जड असा चंद्राचा थर उपसला. हा अंदाज काढायची पद्धत कौतुकास्पद होती: चांद्रयान-२च्या उच्च विभेदन कॅमेऱ्याने वरून घेतलेली उतरण्याआधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून यानाभोवतीचं उजळ वलय मोजलं गेलं. पण ही आधी-नंतरची तुलना आहे. धूळ जमिनीपासून किती उंचीवर यान असताना उडू लागली, कोणत्या कोनात गेली, झोताखाली खड्डा पडला का आणि किती खोल, हे सगळं त्या दोन चित्रांच्या मधल्या काळात घडलं. ३ सप्टेंबरला विक्रमने इंजिन पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी घेतली आणि तितक्याच अंतरावर तो पुन्हा टेकला. त्या उडीचा व्हिडिओ इस्रोने प्रसिद्ध केला. भविष्यात चंद्रावरून परत उडायच्या तयारीची ती पहिली पायरी होती. त्या क्षणी यानाखाली जोडकॅमेरे असते, तर चंद्रावरच्या उड्डाणाचा धुळीसह मोजलेला एक पूर्ण प्रसंग आज आपल्या हाती असता.

दोन डोळ्यांचं महत्त्व इस्रोला माहीत नाही असं मुळीच नाही. प्रज्ञान या २६ किलोच्या बग्गीवर दोन दिशादर्शक कॅमेरे होते. त्यांची चित्रं पृथ्वीवर येत, त्यांतून पुढच्या जमिनीचा उंचसखल नकाशा तयार होई आणि मग वाट ठरे. एका नकाशाचा पल्ला जास्तीत जास्त ५ मीटर, म्हणून एका आज्ञेत बग्गी तेवढीच चाले. २७ ऑगस्टला तिच्यापुढे ३ मीटरवर ४ मीटर रुंदीचं विवर आलं. ते वेळीच दिसलं आणि बग्गीला मागे वळवता आलं. पुढे ५ सप्टेंबरला इस्रोने प्रज्ञानच्या डाव्या-उजव्या चित्रांतून बनवलेलं विक्रमचं लाल-निळं थ्रीडी चित्र सर्वांसाठी प्रसिद्ध केलं. बंगळुरूत बनलेले कॅमेरे, अहमदाबादेत झालेली प्रक्रिया. हे ज्ञान घरातच आहे. ते बग्गीच्या डोळ्यांतून यानाच्या पोटाखाली नेण्याचा प्रश्न आहे.

नासाच्या लँग्ली केंद्राने नेमकं तेच केलं. उतरणाऱ्या यानाच्या तळाभोवती छोटे कॅमेरे बसवायचे आणि झोताखालची जमीन एकाच क्षणी अनेक कोनांतून टिपायची, अशी त्यांची योजना. पहिला संच फेब्रुवारी २०२४मध्ये ओडिसियस या खासगी यानावर गेला, पण उतरतानाची चित्रं त्याला घेता आली नाहीत. दुसरा, सहा कॅमेऱ्यांचा संच ब्लू घोस्ट यानावरून गेला. २ मार्च २०२५ रोजी ते यान मारे क्रिसियममध्ये उतरलं आणि कॅमेऱ्यांनी तीन हजारांहून अधिक चित्रं टिपली. प्रसिद्ध झालेला व्हिडिओ सुमारे २८ मीटर उंचीवरून सुरू होतो, सेकंदाला आठ चित्रं. सुमारे १५ मीटरवर झोताचा जमिनीवर परिणाम दिसू लागतो, मग धुळीच्या रेघा पसरतात आणि खाली सगळं झाकोळून जातं. यान टेकल्यावर इंजिन बंद होतं, पडदा विरतो आणि बदललेली जमीन दिसते. आधीची आणि नंतरची जमीन अनेक कोनांतून त्याच कॅमेऱ्यांनी पाहिलेली असल्यामुळे किती माती गेली हे मोजता येतं.

धूळ दाट झाली की दोन डोळ्यांनाही काही दिसत नाही, हे इथे सांगायला हवं. दोन चित्रांत तीच खूण सापडली तरच खोली मिळते, आणि दाट धुराळ्यात खुणाच नसतात. म्हणून असा कॅमेरा सगळं सांगेल असा दावा मी करत नाही. धूळ उडायला लागण्याचा क्षण, तिच्या कडेचा कोन आणि पडदा विरल्यावरची जमीन, या तीन गोष्टी तो देतो, आणि आज या तिन्हींची वानवा आहे.

आक्षेप आणखी आहेत. व्हिडिओचा आकार मोठा, आणि दोन डोळ्यांचा त्याहून मोठा. मंगळाभोवती फिरणारं यान एकदा डोक्यावरून जातं, त्या आठएक मिनिटांत तिथली बग्गी १०० ते २५० मेगाबिट माहिती वर पाठवू शकते. मोबाइलवर मिनिटभराचा एचडी व्हिडिओ काढला तरी तो याहून मोठा भरतो. पण उतरण्याचा प्रसंग काही सेकंदांचा असतो. तो यानावर साठवून ठेवायचा आणि पुढच्या दिवसांत सावकाश पाठवायचा, हा मार्ग मोकळा आहे. शिवाय डावं आणि उजवं चित्र बरंचसं सारखंच असतं, त्यामुळे फरक तेवढाच पाठवून भार कमी करता येतो. आणि वाटाही रुंदावत आहेत: डिसेंबर २०२३मध्ये सायकी यानाने ३.१ कोटी किलोमीटरवरून लेसरने सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने एका मांजराचा उच्च दर्जाचा व्हिडिओ पृथ्वीवर पाठवला. खरी कठीण गोष्ट वेगळीच आहे. उड्डाणाच्या हादऱ्यांनी आणि उन्ह-सावलीतल्या तापमानाच्या फरकाने दोन कॅमेऱ्यांमधला कोन केसभर जरी बदलला, तरी मोजमाप बिघडतं. त्यासाठी चाचण्या लागतात आणि चाचण्यांना वेळ लागतो.

लोकांना दाखवण्याच्या बाजूबद्दलही थोडं बोललं पाहिजे. शुक्रावरच्या मात मॉन्स ज्वालामुखीचं मॅगेलन यानाच्या रडारमापनांवरून बनवलेलं चित्र जगभर गाजलं. त्यात उभी उंची २२.५ पट वाढवलेली होती. डोंगर सुळक्यासारखा दिसला. प्रत्यक्षात त्याचे उतार बरेच सौम्य आहेत. दोन कॅमेरे फार लांब ठेवले तर थ्रीडी दृश्यातही असंच होतं, खोली फुगते आणि डोंगर खेळण्यातल्यासारखे वाटतात. यावर माझं ठाम मत आहे की अशा प्रत्येक दृश्याखाली डोळ्यांमधलं अंतर आणि केलेली वाढ लिहिलेली असावी, आणि मूळ डावी-उजवी चित्रंही खुली असावीत. तसं झालं तर एखाद्या महाविद्यालयातला विद्यार्थी स्वतः जोड्या जुळवून खोली काढू शकेल. ब्रायन मे यांनी बेन्नूवर तेच केलं, आणि ते करायला त्यांना यान बांधावं लागलं नाही. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पाहिला तो आलेख आणि संगणकाने रेखाटलेलं यान. खुद्द विक्रमच्या कॅमेऱ्यातलं उतरणं दुसऱ्या दिवशी आलं. त्या संध्याकाळच्या आनंदात त्यामुळे काही कमी झालं नाही. पण ज्यांनी तो खर्च उचलला त्या लोकांना चंद्राची जमीन खोलीसह जवळ येताना पाहायला मिळावी, ही अपेक्षा उथळ आहे असं मला वाटत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी चांद्रयान-४ला मंजुरी दिली, खर्च २,१०४ कोटी रुपये, अवधी ३६ महिन्यांचा. या मोहिमेत यान उतरेल, माती उचलेल आणि त्याचा वरचा भाग खालच्या भागावरून पुन्हा उडेल. म्हणजे झोत आणि धूळ यांचा प्रसंग एकदा नाही तर दोनदा, तोही एकाच जागी. उडताना खालचा भाग मागे राहणार आहे. त्यावर जोडकॅमेरे असतील तर वर जाणारं इंजिन आपल्याच तळावर आणि भोवतालच्या जमिनीवर काय करतं, हे प्रथमच खोलीसह टिपता येईल. मात्र चित्रं साठवून पाठवण्यापुरती वीज आणि अँटेना त्या मागे राहणाऱ्या भागाकडे उरली पाहिजे, आणि त्याची तरतूद आराखड्यातच करावी लागेल. कॅमेऱ्यांचे कंस कुठे बसणार, उष्णतेने ते किती हलणार, दोन्हींची घड्याळं एका ठोक्याला कशी बांधणार, हे सगळं कंपनाच्या आणि निर्वाताच्या चाचण्यांतून पार पडायला महिने लागतात. क्युरिऑसिटीच्या भिंगांकडे शेवटी पैसा होता, माणसंही होती, पण उड्डाणाआधी तेवढे महिने उरले नव्हते.